तो सूर तसाच राहील

ग्लेन्डा प्रुइटच्या तोंडाला लागू नका, असं आम्ही अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलला राहायला आलो त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी बजावलं होतं. मी म्हटलं, बरं. आणि पुढच्याच शनिवारी लागले.

झालं असं, की मी घरामागच्या लाकडी डेकवर मिरच्या भाजत होते. घरात भाजल्या तर स्मोक अलार्म बोंबलतो, मग नवरा बोंबलतो, आणि सोफ्याला बसलेला वास ख्रिसमसपर्यंत जात नाही. म्हणून आम्हा बायकांचे असले उद्योग डेकवर नाहीतर गराजमध्ये चालतात. तवा चांगला तापला होता, ठसका उठला होता, तेवढ्यात कुंपणापलीकडून खणखणीत आवाज आला, "तिकडे कोण कुणाचा जीव घेतंय?"

बघते तर उंच, हाडकुळी, पांढऱ्या केसांची एक बाई. अंगात घरातला गाऊन, पायात गुडघ्यापर्यंत चामडी बूट, ओठांना लालभडक लिपस्टिक आणि काखेत एक जिवंत कोंबडी.

"मिरच्या भाजतेय," मी म्हटलं.

"कशाला?"

"खायला."

"आण इकडे."

मी पण इरेला पेटले. लसूण-मीठ घालून झणझणीत ठेचा केला आणि वाटीतून कुंपणावरून दिला. तिने बोटाने उचलून सरळ जिभेवर ठेवला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक लाल, कान लाल. पाण्याचा ग्लास पुढे केला तर तो हाताने बाजूला सारला. बाई शेवटपर्यंत हूं की चूं करायला तयार नाही. "छान आहे," एवढंच म्हणाली आणि वाटी घेऊन घरात गेली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, आणि तिच्यासोबत ताकाचा उंच ग्लास, त्यात मक्याचा ब्रेड कुस्करलेला. इथली जुनी माणसं तो चमच्याने खातात. मी एक घास घेतला आणि म्हटलं, अगं बाई, ही तर आमची ताक-भाकरी! तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

ती बोलायची अर्थातच तिच्या हेल काढलेल्या दक्षिणी इंग्रजीत. मी इथे तिला मराठीत बोलायला लावतेय, कारण माझ्या कानात ती आता तशीच बोलते. त्याला माझा इलाज नाही.

तिचं घर लाकडी, जुनं, पुढे मोठा पोर्च. आजूबाजूची सगळी जमीन बिल्डरने घेतली, एकसारखी घरं उठवली, त्यांत आम्ही तेलुगू-तमिळ-मराठी मंडळी येऊन राहिलो. हिने विकलं नाही. बिल्डरचा माणूस तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणे तिने त्याला पोर्चवर बसवून एक अख्खं गाणं ऐकवलं, आणि गाणं संपल्यावर "आता जा" म्हणाली. गावात पोस्टवाल्यापासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळे तिला 'मिस ग्लेन्डा' म्हणत. आमच्या गल्लीतली पोरं मात्र ग्लेन्डाकाकू म्हणायला लागली. काकू म्हणजे काय, ते तिने मला विचारलं. मी सांगितलं, तुझं ऐकावं लागतं, असा त्याचा अर्थ. ते तिला फार पसंत पडलं.

कोंबड्यांना दाणे टाकायला जायचं तरी लिपस्टिक हवी. गिटारची पेटी कुणाला उचलू द्यायची नाही, अगदी गुडघे दुखत असले तरी. चर्चमध्ये कायम शेवटच्या बाकावर बसायची, कॉयर बेसूर झाला तर निघून जाता यावं म्हणून. सगळ्यांना 'हनी' म्हणायची, आणि त्या हनीत माया आहे की शिवी, ते तिच्या भुवईकडे बघून ओळखायचं. आणि एक ठरलेलं वाक्य होतं. गाताना खोकला आला, शब्द विसरला, काही झालं तरी ती सॉरी म्हणायची नाही. "माफी मी चर्चमध्ये मागते. स्टेजवर नाही."

हो, ती गायिका होती. कंट्री म्युझिकची. आपल्याकडे या संगीताला टोपीवाल्यांचं संगीत समजतात, मीही समजत होते. ग्लेन्डा सोळाव्या वर्षापासून जत्रांत, डान्सहॉलमध्ये, युद्धावरून आलेल्या सैनिकांच्या क्लबात गात आलेली. शनिवारच्या नाचावरचं तिचं एक उडतं गाणं तरुणपणी रेडिओवर बरंच वाजलं होतं. पुढे रेकॉर्ड कंपनीने सांगितलं, केस असे कर, कपडे असे घाल. ही काय ऐकणार! कंपनी सुटली. मग आयुष्यभर आपली जुनी पिकअप गाडी स्वतः चालवत गावोगाव गायली. शेजारच्या सीटवर नवरा अर्ल बसायचा. तो गेल्यावर तिने गाणं थांबवलं, असं लोक म्हणत.

थांबवलं नव्हतं. लिहीत होती. एका सकाळी पोर्चवर मला बसवून तिने नवी गाणी ऐकवली. त्यातलं एक गाडीच्या त्या सीटवरचं होतं. गाडीत बसते, पर्स अजून पायाशीच ठेवते, सीटवर ठेवत नाही, ती बाजू तुझी आहे, असं साधंच. पण 'तुझी बाजू' म्हणताना सूर वर जायचा, आणि वर गेला की तिचा आवाज चिरकायचा. दर वेळी, तिथेच. मला गाण्यातलं फार कळत नाही. मी भाजी चिरायची म्हणून उठून घरी आले आणि सिंकपाशी उभी राहून रडले.

"याचा अल्बम करायचाय," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. "जन्मभर दुसऱ्यांना हवं तसं गायले. हा एक माझ्या आवाजात, आज आहे त्या आवाजात. मग मरायला मोकळी."

तिची इच्छा एवढीच होती, आणि बघा किती अवघड झाली.

आधी ती नॅशव्हिलला एका स्टुडिओत गेली. तिथला प्रोड्यूसर टायलर, चाळिशीचा, दाढी कोरलेला, बोलायला अगदी साखर. त्याने दोन गाणी रेकॉर्ड केली आणि पाठवली. ग्लेन्डाने मला गाडीत बसवलं, मागच्या सीटवर, आणि गाणी लावली. आवाज कसा, तर तुपासारखा. चिरक नाही, श्वास नाही, कुठे काही नाही. कम्प्युटरवर घोटून काढलेला.

"ही कोण?" ग्लेन्डा म्हणाली.

"तूच."

"हिने नवरा पुरलेला नाही," ती म्हणाली आणि खटकन बंद केलं. टायलरला फोन करून तिने काय सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यात 'हनी' बऱ्याच वेळा होतं.

मग तिने ठरवलं, घरीच करायचं. आणि त्यासाठी तिला सापडला माझा नवरा. प्रभाकर टेलिफोनच्या क्षेत्रातला इंजिनिअर. जन्मभर त्याने लाइनवरची खरखर काढण्याचा पगार घेतला. रिटायर झाल्यावर महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग करायचा छंद लागला, त्यामुळे माइक, वायरी, हेडफोन असला पसारा आमच्या बेसमेंटमध्ये होताच. "प्रभाकर, तू येणार," ग्लेन्डा म्हणाली. पडत्या फळाची आज्ञा समजून हा पसारा उचलून निघाला. मी सांगितलेलं दुधाचं कॅन आणायला चार दिवस लावणारा माणूस!

तिच्या बैठकीच्या खोलीत रेकॉर्डिंग चाले. फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायला हार्लन, तिच्याच वयाचा, एका कानाने ऐकणारा. स्टील गिटार आणि बास वाजवायला त्याचे दोन भाऊ. फ्रिज घरघरतो म्हणून त्याचा प्लग काढायचा. कोंबड्यांना मागच्या बाजूला हाकायचं. पण विमानांना कुठे हाकणार? आमच्या डोक्यावरूनच ती एअरपोर्टला उतरतात. दोन विमानांच्या मधल्या वेळात गाणं उरकायचं, अशी सगळी कसरत.

एका गाण्यात विमान घुसलंच. प्रभाकर म्हणाला, काळजी नको, मी काढून टाकतो, कळणारही नाही. ग्लेन्डाने भुवई उंचावली. "हनी, मी इथे राहते. विमानही इथेच राहतं. राहू दे."

खरी जुंपली ती 'तुझी बाजू'च्या वेळी. सूर वर गेला, चिरकला. प्रभाकरने सवयीने हात वर केला. "एकदा परत घेऊ या का?"

"का?"

"ती वरची जागा जराशी..."

"जराशी काय?"

हार्लनने फिडल खाली ठेवलं आणि छताकडे बघायला लागला. त्याला अनुभव होता.

"मी साठ वर्षं गातेय," ग्लेन्डा म्हणाली. "तो सूर नीट कसा लावायचा ते मला माहीत नाही, असं वाटतं तुला? खाली उतरून गायले तर आत्ता लागेल. पण मला तिथे जायचंय आणि मला तिथे पोचता येत नाही. गाणं त्या न पोचण्याचंच आहे. तो सूर तसाच राहील."

घरी आल्यावर प्रभाकर बराच वेळ जेवला नाही. मग म्हणाला, "शैला, आयुष्यभर मी नको ते काढत आलो. काय हवं होतं ते कधी कुणाला विचारलंच नाही." मी म्हटलं, आमटी गार होतेय.

अल्बम झाला. मुखपृष्ठावर तिचा कोंबडीसकट फोटो. गावच्या फायर स्टेशनच्या हॉलमध्ये पहिला कार्यक्रम ठेवला. तिचे जुने चाहते लांबून लांबून गाड्या घेऊन आले, डुकराचं बार्बेक्यू झालं, गोड चहाचे पिंप रिकामे झाले. आणि लोकांनी एकच धोशा लावला, शनिवारचं गाणं म्हण! तिने नवी गाणी सुरू केली, तर हळूहळू खुर्च्या सरकायला लागल्या. 'तुझी बाजू' चिरकलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या बाईंनी मान खाली घालून आपल्या पर्सच्या बक्कलशी चाळा करायला सुरुवात केली. माझ्या मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "ब्लेस हर हार्ट."

इकडचा हा आशीर्वाद ऐकायला गोड, आणि असतो कीव. बिचारी, आता काही राहिलं नाही तिच्यात, असा त्याचा अर्थ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वळून म्हणाले, "तुमचंही हार्ट ब्लेस होवो." प्रभाकरने माझा दंड धरला म्हणून, नाहीतर तिथेच आग लागली असती, आणि फायर स्टेशन होतंच.

ग्लेन्डाने पुरा अल्बम गायला. अर्ध्या हॉलला, मग पाव हॉलला. शनिवारचं गाणं म्हटलं नाही.

आमच्या केतकीने, म्हणजे मुलीने, अल्बम इंटरनेटवर टाकला होता. ती सिअ‍ॅटलकडे नोकरी करते, सुटीला आली होती. ग्लेन्डा तिला म्हणाली, लोक काय लिहितात ते वाच. केतकी म्हणाली, "मिस ग्लेन्डा, यू डोन्ट वॉन्ट टु नो." ग्लेन्डाची भुवई वर गेली, आणि केतकीने निमूटपणे वाचलं. एकाने लिहिलं होतं, यात विमान का आहे? दुसऱ्याने, याला गाणं म्हणतात का? तिसऱ्याने, आजीला कुणीतरी घरी घेऊन जा.

"मी घरीच आहे," ग्लेन्डा म्हणाली. "घरीच रेकॉर्ड केलंय गाढवा."

आम्ही खूप हसलो. पण त्यानंतर ती बरेच दिवस पोर्चवर दिसली नाही. एकदा मी मागच्या दाराने आत गेले तर लिपस्टिक न लावलेली ग्लेन्डा टेबलाशी बसली होती. एवढ्या वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती. "लोकांना आवडलंच पाहिजे, असं नाही," ती म्हणाली. "पण शैला, कुणीतरी ऐकायला नको? ऐकून मग शिव्या घाला. हे ऐकतच नाहीत. मला सांभाळून घेतात."

मी ठेच्याची बरणी टेबलावर ठेवली आणि तिथूनच मंदारला फोन लावला.

मंदार म्हणजे आमच्या मंडळाचा त्या वर्षीचा अध्यक्ष. सॉफ्टवेअरमधला, गुणी मुलगा, पण अध्यक्ष झाला की माणूस बिघडतो. "काकू, दिवाळीच्या प्रोग्रॅममध्ये कंट्री म्युझिक? आपल्या कल्चरमध्ये कसं बसणार यार?"

"आणि तुमचा तो फॅशन शो कुठल्या पोथीत लिहिलाय रे?"

"काकू, स्लॉटच नाहीये. शेड्युल फायनल केलंय."

"मग या वर्षी चकल्या दुसऱ्या कुणाकडून करून घे."

फॅशन शो आणि जेवण यांच्या मध्ये स्लॉट निघाला.

हायस्कूलचं ऑडिटोरियम भाड्याने घेतलेलं. पहिली रांग ज्येष्ठांची, आणि त्यांच्या मध्यभागी आपटेकाका. फार पूर्वी आलेले डॉक्टर, नव्वदीला टेकलेले, नाट्यसंगीतावर पोसलेले. गाणं आवडलं नाही की सरळ झोपी जातात, अशी त्यांची ख्याती. ग्लेन्डा आली, बूट, लिपस्टिक, हार्लन आणि फिडल. साड्या-झब्ब्यांच्या त्या हॉलमध्ये एकदम शांतता. मी विंगेत उभी.

तिने 'तुझी बाजू' सुरू केलं. सूर वर गेला. चिरकला.

आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, "च्च!"

आपटेकाकांनी डोळे मिटले होते, एक हात वर गेला होता, आणि मान या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत हलत होती. "च्च... च्च... हाय हाय!" शेजारच्या काकूही मान हलवत होत्या. त्यांच्या मागची रांगही. सगळी रांगच्या रांग माना हलवतेय आणि च्च च्च करतेय.

आता आपल्याला यात काय कळायचं असतं? दाद आहे, मनापासूनची. पण ग्लेन्डाच्या मुलखात मान अशी हलली की नाही, नको, आणि जीभ अशी वाजली की छे छे, वाईट! आपण कुणालाही इथे समजावून सांगत नाही, कारण आपल्यालाच कधी ते वेगळं वाटलेलं नसतं. माझ्या ते लक्षात आलं त्या क्षणी.

ग्लेन्डाने गिटारवर पंजा ठेवला. गाणं बंद. माइकपाशी तोंड नेऊन, एकेक शब्द तोडत ती म्हणाली, "लोकहो, दार तिकडे आहे. ज्याला जायचंय त्याने जावं. मी हे असंच गाणार. चांगलं वाटावं म्हणून मी ते नीट करणार नाही. नीट केलं तर ते खोटं होईल."

मंदार समोरच्या विंगेतून माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. आणि ग्लेन्डाने पुन्हा सुरुवातीपासून गाणं धरलं, आता थेट आपटेकाकांच्या डोळ्यांत बघत, दात-ओठ खाऊन. सूर वर गेला. आधीपेक्षा जास्त फाटला. काकांची मान आधीपेक्षा जोरात हलली, आणि गालावरून पाणी ओघळलं. ती बघतेय, गातेय, हे म्हातारे नाही नाही म्हणताहेत, रडताहेत, आणि उठून मात्र कुणीच जात नाही. तिच्या चेहऱ्यावर असा काही गोंधळ मी कधी पाहिला नव्हता. पण थांबेल तर ग्लेन्डा कसली! शेवटपर्यंत गायली.

मग सगळा हॉल उठून उभा राहिला. आपटेकाकांना दोघांनी धरून स्टेजपाशी आणलं. त्यांनी मान वर करून, जुन्या पद्धतीच्या इंग्रजीत तिला सांगितलं, "मॅडम, माझी पत्नी जाऊन अकरा वर्षं झाली. बिछान्याची तिची बाजू मी अजून मोकळी ठेवतो. त्या जागी तुमचा आवाज फुटला नसता, तर मी तुमच्यावर विश्वास ठेवला नसता."

ग्लेन्डाने खाली वाकून त्यांचा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही.

जेवणाच्या रांगेत मी तिला सगळा उलगडा करून सांगितला. ती पुरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे ते नाही म्हणत नव्हते?"

"नव्हते."

"आणि मी त्यांना दार दाखवलं?"

"दाखवलंस. दोन वेळा दाखवतेस की काय, अशी मला धास्ती होती."

ती भिंतीला टेकून हसत सुटली, डोळे पुसत, लिपस्टिक फिस्कटेपर्यंत. पण मी सांगते, मला नंतर वाटत राहिलं, तिला आधीच सगळं समजावून ठेवलं असतं तर तो आवाज तसा लागला नसता. हॉलभर माणसं विरोधात आहेत असं समजून ती गायली होती. तिला ते नेहमीचंच होतं.

आमच्यात सगळ्यांनाच आवडलं, असंही नाही. "जेवणाआधी काय ते रडगाणं," असं म्हणणाऱ्याही होत्या, त्यांची नावं मला माहीत आहेत. पण गराजमध्ये, गाडीत, वॉकला जाताना कानांत ग्लेन्डा घालून फिरणारी माणसं मला दिसायला लागली. आणि दार दाखवणाऱ्या ग्लेन्डाचा आणि माना हलवणाऱ्या म्हाताऱ्यांचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ असा काही फिरला, की एक दिवस तिच्या पोर्चपुढे कोरलेल्या दाढीचा टायलर येऊन उभा राहिला.

मी तिथेच होते, मटार सोलत. तो म्हणाला, कंपनी अल्बम सगळीकडे पोचवायला तयार आहे. फक्त आवाजाचं थोडं करावं लागेल. "आम्ही तुमचं जुनं रेकॉर्डिंग कम्प्युटरला ऐकवलंय. ऐकून तर बघा."

त्याने फोन पुढे धरला. आणि काय सांगू! 'तुझी बाजू'च, पण चोविशीतल्या ग्लेन्डाच्या आवाजात. तिचाच आवाज, खराखुरा, झऱ्यासारखा स्वच्छ, आणि वर जाऊन तो सूर असा अलगद लागला, की माझ्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. मला वाटून गेलं, घे बाई. जगाला कळेल तरी तू काय होतीस ते.

ग्लेन्डा हलली नाही. "परत लाव," ती म्हणाली.

त्याने लावलं. तिचे ओठ हलत होते, त्या मुलीबरोबर मुक्याने गात होती. डोळे भरून आले, ते तिने पुसले नाहीत. गाणं संपलं.

"फार छान गायची ती," ग्लेन्डा म्हणाली. "मला तिची आठवण येते. पण तिचा हा आवाज होता ना, तेव्हा अर्ल तिच्या शेजारी बसलेला असायचा. तिला या गाण्यातलं काय कळणार?"

"मिस ग्लेन्डा, लाखो लोक ऐकतील."

"तिला ऐकतील, हनी."

भुवई वर गेली होती. टायलर शहाणा असावा, उठला. जाताना पायरीवर थांबून म्हणाला, "मला तुमचंच जास्त आवडतं, खरं सांगायचं तर. पण मला कुणी विचारत नाही." ग्लेन्डाने त्याला जेवायला थांबवून घेतलं. फोनमधलं ते गाणं मात्र आपल्यासमोर पुसायला लावलं. ते पुसताना ती दुसरीकडे बघत होती.

अल्बम कुठल्या यादीत चढला नाही, रेडिओवर लागला नाही. पुढल्या हिवाळ्यात ग्लेन्डा गेली, झोपेतच. पण मी तिला शेवटचं गाताना बघितलं ते त्याआधी, ऑक्टोबरातल्या जत्रेत.

मोठा स्टेज तरुण गायकांना, हिला दुपारच्या उन्हातला छोटा. समोर गवताच्या पेंढ्या मांडलेल्या, त्यांवर पाय दुखले म्हणून टेकलेली माणसं, हातांत तळलेल्या गोड पिठाच्या कागदी बश्या. तिला आठवडाभर सर्दी होती. डॉक्टरने गाऊ नको म्हटलं होतं, मीही म्हटलं होतं. हार्लनने सकाळी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, आज तो सूर यायचाच नाही. मी फिडलवर घेईन, कुणाला कळणार नाही.

'तुझी बाजू' सुरू झालं. ती जागा आली. ग्लेन्डाने हनुवटी वर केली, तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. चिरकलेलाही नाही. नुसती हवा.

हार्लनचा गज तारेवर पडणार, तेवढ्यात तिने त्याच्याकडे न बघता हात वर केला. नको. त्याने गज उचलून धरला. ती तशीच उभी राहिली, तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या, त्या सुराची जेवढी मात्रा होती तेवढा सगळा वेळ, माइकमध्ये काहीही न गाता. जनरेटर घरघरत होता. कुणीतरी खायचं थांबलं. पेंढीवर बसलेला एक माणूस उठून जायला निघाला होता, तो अर्ध्यातच उभा राहिला. ती एकेकाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात विनवणी अजिबात नव्हती.

मात्रा भरली. पुढची ओळ तिने बरोबर समेवर उचलली, खरखरीत, खालच्या आवाजात, आणि गाणं शेवटाला नेलं. टाळ्या पडल्या की नाही, मला आठवत नाही. ग्लेन्डाने तरी त्यांच्यासाठी वाट पाहिली नाही. ती वादकांकडे वळली होती.

"पुढचं जीच्या पट्टीत," ती त्यांना सांगत होती. "आणि माझ्यासाठी सावकाश वाजवायचं नाही."